स्टेप, बीट आणि राहिलेली तिगुन

या दिवाळीच्या बोनसचं मी काहीही शहाण्यासारखं करणार नाही, हे ऑफिसातल्या मंडळींना आधीच सांगून टाकलं होतं. एसआयपी नाही, नवा फोन नाही. मी एक जुना, एकहात वापरलेला हार्डवेअर सिक्वेन्सर घेतला. जपानी बनावटीचा, टिफिनच्या डब्याएवढा. एका ओळीत सोळा बटणं, प्रत्येकात एक दिवा. 'प्ले' दाबलं की उजेड डावीकडून उजवीकडे पळत सुटतो आणि सोळाव्यापाशी पोचला की परत पहिल्यावर. ज्या बटणावर आवाज ठेवलाय तिथे तो वाजतो. झालं. एवढाच मामला.

सहा वर्षं कोड लिहून खाणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय? सोळा खणांचा ॲरे आणि त्यावर फिरणारा एक लूप. कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. खोकं उघडल्यावर मॅन्युअल बाजूला टाकलं ते याच माजाने.

आणि पुढचे तीन शनिवार मला घंटा काही कळलं नाही.

म्हणजे आवाज येत होते. पण मनात असायचं एक आणि वाजायचं भलतंच. मॅन्युअलमध्ये स्टेप, बीट आणि डिव्हिजन हे तीन शब्द अशा थाटात वापरलेत, की जणू आपण ते आईच्या पोटातूनच शिकून आलोय. माझी समजूत अशी, की स्टेप म्हणजेच बीट. सोळा बटणं, सोळा ठोके. सगळा घोळ तिथेच होता. तुमच्यापैकी कोणी असलं यंत्र घेऊन बसलं असेल तर वेळ वाचावा म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. नंतर घरची गोष्ट.

बीट म्हणजे गाणं ऐकताना ज्यावर आपला पाय आपोआप आपटतो तो ठोका. टेम्पो ६० असेल तर मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक. १२० असेल तर अर्ध्या सेकंदाला एक. बीपीएमचा आकडा फक्त बीटबद्दल बोलतो. स्टेपबद्दल अवाक्षर काढत नाही.

स्टेप म्हणजे नुसता खण. खणाला स्वतःचा वेळ नसतो. एका बीटमध्ये किती खण बसवायचे हे आपण ठरवायचं, आणि त्या ठरावाचं नाव टाइम डिव्हिजन.

सेंट्रल रेल्वेवाल्यांना हे चटकन कळेल. लोकलमधला बाक म्हणजे बीट. त्याची लांबी ठरलेली. त्यावर दोघं ऐसपैस बसतात, तिघं नियमाप्रमाणे बसतात आणि 'जरा सरका' म्हणत फोर्थ सीटवाला टेकतो तेव्हा चौघं. माणसं वाढली म्हणून बाक लांबत नाही, फक्त प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी होते. बाक म्हणजे बीट, माणसं म्हणजे स्टेप, आणि किती जणांनी बसायचं हा निर्णय म्हणजे डिव्हिजन.

आता त्यातली खोच. बहुतेक मशिनं सुरुवातीला १/१६ वर लावलेली असतात. हा सोळावा भाग बीटचा नव्हे. चार बीटचा एक बार धरतात, त्या अख्ख्या बारचा हा सोळावा भाग. म्हणजे बीट हीच मुळात १/४, आणि १/१६ म्हणजे बीटचा पाव हिस्सा. एका बीटला चार स्टेप. सोळा स्टेप म्हणजे चार बीट, एक बार. १२० च्या टेम्पोला एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची आणि सोळा दिव्यांची अख्खी ओळ दोन सेकंदांत खलास.

ही सोळाची ओळ लोकांच्या डोळ्यांत बसवली ती रोलँडच्या टीआर-८०८ ने. साल १९८०. त्यावर सोळा बटणं होती, पण एका रंगाची नव्हेत. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. रंग बदलला की बीट बदलली. आपल्या मुंबईतही ते फार लवकर पोचलं. चरणजीत सिंग यांनी हे ८०८ आणि त्याचं भावंड टीबी-३०३ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले आणि १९८२ साली त्याची रेकॉर्ड निघाली. जरूर ऐका. माझ्या मशीनवर मात्र सगळी बटणं एकजात करडी. कुठून कुठवर एक बीट, काही पत्ता लागत नाही.

असो. आता घरची गोष्ट.

बाबा पेटी वाजवतात. बँकेत नोकरी केली, पण गुरुवारचं भजन कधी चुकवलं नाही. भजनाला आणि एरवीही त्यांच्याबरोबर तबल्यावर बसणारे काका गेल्या पावसाळ्यात मुलाकडे नाशिकला राहायला गेले. गुरुवारी कोणीतरी येऊन वेळ मारून नेतं, पण रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये दोघांची बैठक व्हायची ती बंद झाली. पेटी खोळ घालून कोपऱ्यात. मी पुण्याहून डोंबिवलीला येतो तेव्हा हमखास ती पेटीच आधी दिसते.

मी हुशारी करून बाबांच्या फोनवर तबल्याचं ॲप टाकून दिलं होतं. दोन-तीन रविवार त्यांनी ते लावलं. मग बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "ठेका चोख आहे रे. पण तो माझं ऐकत नाही."

यावर मी काय बोलणार? ॲपच्या फीडबॅकमध्ये हे लिहायला रकाना नसतो.

चौथ्या शनिवारी मी मशीन सॅकमध्ये घालून डोंबिवलीला नेलं. तीनताल सोळा मात्रांचा आणि माझ्याकडे बटणं सोळा. म्हटलं, देवानेच जुळवून आणलंय! खालच्या टॉमचा घुमारा डग्ग्याच्या जागी ठेवला, एक बारीक लाकडी आवाज चाटेच्या जागी. धा आणि धिं ला दोन्ही, ता आणि तिं ला फक्त बारीक. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प. टेम्पो ६०, कारण बाबा म्हणाले होते, "सावकाश लाव, सेकंदाला एक मात्रा."

प्ले दाबलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी सुरू झालं. सोळा सेकंदांत व्हायचं आवर्तन चार सेकंदांत संपून पुन्हा सुरू. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली.

मी टेम्पो खाली ओढायला लागलो. माझ्या मशीनचा टेम्पो ३० च्या खाली जातच नाही. तिथेही आवर्तन आठ सेकंदांचं. मी घामाघूम. बाबा मात्र शांतपणे अंगठ्याने बोटांची पेरं मोजत बसलेले.

"परत साठवर ने," म्हणाले. नेलं. त्यांनी मांडीवर हळू ठोका धरला, एकेका सेकंदाला एक, आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "अरे, मशीन बरोबर आहे. तू चौगुन लावलीयस. एका मात्रेत चार बोल."

तीन शनिवार मॅन्युअल चाळून जे मला मिळालं नव्हतं ते हे. एका बीटला चार स्टेप म्हणजे १/१६, आणि एका मात्रेला चार बोल म्हणजे चौगुन. मी डिव्हिजन १/४ वर आणलं. एका बीटला एक स्टेप. टेम्पोला हातही लावला नाही, साठचा साठच. ठेका आला. पहिल्या बटणापासून परत पहिल्या बटणापर्यंत बरोबर सोळा सेकंद. मग १/८ वर नेलं, तर बाबा म्हणाले, "ही दुगुन." बटण फिरवायचा खेळच झाला. लय तीच, नुसता बाक तोच आणि माणसं कमीजास्त.

करड्या बटणांची अडचण आईने सोडवली. तिच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली पहिल्या बटणावर लावली, ती सम. नवव्यावर एक हिरवी, ती खाली. पाचव्या आणि तेराव्यावर छोट्या काळ्या. चार-चारचे विभाग दिसायला लागले. रोलँडच्या इंजिनिअरांनी रंगीत प्लास्टिक ओतून जे केलं ते आमच्याकडे दहा रुपयांत झालं. :)

एक गोष्ट मला त्या दिवशी पटली. एकाच ओळीत लांबी आणि बारकावा दोन्ही मिळत नाहीत. १/४ वर ठेवलं की सोळा बटणांत अख्खा तीनताल मावतो, पण दोन मात्रांच्या मध्ये तिरकिट घालायला जागा उरत नाही, कारण मध्ये खणच नाहीत. तिरकिटाचे चार बोल एका मात्रेत बसवायचे तर १/१६ हवं, आणि मग सोळा बटणांत चारच मात्रा मावतात, एक विभाग. अख्ख्या तालाला चौसष्ट स्टेप, म्हणजे चार पॅटर्न एकापुढे एक जोडायचे. रूपक असेल तर 'लास्ट स्टेप' सातवर, झपताल असेल तर दहावर. सोळा हा काही देवाचा आकडा नाही. ओळ कुठे संपते हेही आपणच सांगायचं असतं.

मी हे सगळं उत्साहाने बाबांना समजावत होतो आणि ते मान डोलावत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि तिगुन?"

इथे जरा थांबतो.

मी पाचवीपासून तबला शिकत होतो. प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली. घरी रियाजाला बसलो की बाबा पेटीवर लेहरा धरायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेहरा म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी एकच सुरावट. तबलजी मध्ये काहीही कसरती करो, लेहऱ्याने हलायचं नसतं. आमच्या भाषेत बोलायचं तर तो क्लॉक. मग नववीत सरांनी तिगुन काढली. एका मात्रेत तीन बोल, म्हणजे एका आवर्तनात अख्खा ठेका तीनदा म्हणायचा आणि बरोबर समेवर यायचं. दुगुन मला जमायची, चौगुन म्हणजे दुगुनीची दुगुन, तीही ओढूनताणून. तीन मात्र बसेचना. हात आपोआप दोनात किंवा चारात घसरायचा. दर आवर्तनाला समेच्या आधी किंवा नंतर कुठेतरी जाऊन आपटायचो. सर काही बोलायचे नाहीत, फक्त "पुन्हा" म्हणायचे. त्या 'पुन्हा'ची मला भीती बसली होती.

दहावी लागली आणि बाबा म्हणाले, "यंदा तबला बंद." तबला माळ्यावर गेला तो गेलाच. पुढे कॉलेजात, हॉस्टेलवर, ऑफिसच्या पार्ट्यांत मी ही गोष्ट कितीदा सांगितलीय. बाबांनी माझा तबला बंद केला. टिपिकल मराठी मध्यमवर्गीय बाप, मार्कांसाठी कला मारली वगैरे. गोष्ट चांगली चालते. ऐकणारे हळहळतात.

तर 'तिगुन' हा शब्द आमच्या हॉलमध्ये चौदा वर्षांनी उच्चारला गेला.

मी काही न बोलता डिव्हिजनची यादी चाळली. '१/८ टी' असा एक पर्याय आहे. टी म्हणजे ट्रिपलेट. साध्या १/८ ला बीटमध्ये दोन स्टेप बसतात, इथे त्याच जागेत तीन. बीट ऐकू यावी म्हणून मेट्रोनोम चालू केला आणि प्ले दाबलं.

सुरुवात बरी झाली. पण सोळा दिवे संपून उजेड लाल टिकलीवर परत आला तो भलत्याच ठिकाणी, दोन ठोक्यांच्या मध्येच. सोळाला तीनने भाग जात नाही. सोळा स्टेप म्हणजे पाच बीट आणि वर एक स्टेप. ऐकायला थेट माझ्या नववीतल्या तिगुनीसारखं, सम सोडून कुठेतरी धडपडलेलं.

"बग आहे," मी म्हटलं. "लास्ट स्टेप बारावर आणायला हवी. बाराला तीनने भाग जातो, चार बीट होतात." (पाश्चात्त्य गाण्याच्या चार बीटच्या बारसाठी हेच बरोबर आहे. तुम्हीही तेच करा.)

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "चालू दे. पहिल्यापासून लाव."

त्यांनी डोळे मिटले आणि मेट्रोनोमबरोबर मात्रा मोजायला लागले. उजेड एकदा फिरला, चुकीच्या जागी आला. दुसऱ्यांदा फिरला, वेगळ्याच चुकीच्या जागी आला. तिसऱ्यांदा फिरला, आणि बाबांच्या तोंडून "सोळा" निघून पुढचा "एक" पडायला आणि लाल टिकली पेटायला एकच गाठ पडली.

मी मनात हिशेब केला. सोळा स्टेप तीनदा म्हणजे अठ्ठेचाळीस. एका बीटला तीन, म्हणून अठ्ठेचाळीस भागिले तीन, सोळा बीट. एक आवर्तन. बग वगैरे काही नव्हतं. ठेका तीनदा, मात्रा सोळा आणि सम. सर 'पुन्हा' म्हणून जी काढून घेत होते ती हीच. मध्ये दोनदा ती चुकल्यासारखी ऐकू येणारच, कारण ती मध्ये कुठे जुळतच नाही. जुळते ती फक्त शेवटी. मी नेहमी पहिल्याच फेरीनंतर घाबरून हात सावरायला जायचो, आणि तिथेच घसरायचो.

यंत्राला तीन आणि चार दोन्ही सारखेच सोपे का, याचंही कारण आहे. १९८३ साली मिडी नावाचा करार झाला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा. त्यात घड्याळ असं ठरलंय, की प्रत्येक बीटला चोवीस टिचक्या पाठवायच्या. चोवीसच का? त्याला दोनाने, तीनाने, चाराने, सहाने आणि आठाने भाग जातो म्हणून. चौगुनीत दर सहा टिचक्यांनी एक स्टेप, तिगुनीत दर आठ टिचक्यांनी. (पाचाने जात नाही, म्हणून असल्या साध्या मशीनवर मात्रेला पाच बोल बसवायचे म्हणजे वांधेच.) मशीन तीन मोजतच नाही. ते नुसतं आठ आठ मोजतं. मीही मोठ्या आकड्याचं तीन करायला जायचो, तेव्हा मोजायला लहान आकडा कोणी दिलाच नव्हता, किंवा दिला असेल आणि मी ऐकला नसेन.

मशीन थांबवलं. आणि कसं कोण जाणे, बोलून गेलो.

"बाबा, दहावीला तुम्ही तबला बंद केलात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिगुन येत नव्हती. नंतर मी सगळ्यांना सांगत फिरलो, की तुम्ही बंद केलात."

बाबा पेटीची खोळ काढत होते. ते काढतच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सर आले होते बँकेत. म्हणाले, आत्ता थांबवू नका, अजून सहा महिने द्या, त्याच्या हातात येईल. मी म्हटलं, दहावी आहे. सहा महिने नाही दिले मी."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती आत निघून गेली आणि थोड्या वेळाने फोडणीचा आवाज आला.

बाबांनी भाता उघडला. "ते बंद कर आता. दिवे चालू ठेव हवं तर, आवाज नको. तोंडाने म्हण."

मी आवाज शून्यावर आणला. डिव्हिजन १/४, टेम्पो साठ. टिकल्यांवरून उजेड नुसताच फिरत राहिला आणि बाबांनी लेहरा धरला. तोच, जुना. हाताने मात्रा दाखवत मी तिगुन म्हणायला लागलो. धाधिंधिं धाधाधिं धिंधाधा... पहिल्यांदा खालीपाशीच घसरलो. "पुन्हा." दुसऱ्यांदा दुसरी फेरी ओलांडली आणि घसरलो. "पुन्हा." तिसऱ्यांदा मध्ये कुठेही जुळवायला गेलो नाही, म्हणतच राहिलो, आणि शेवटचा धा म्हणून समेवर आलो.

आलो म्हणजे, साधारण अर्धी मात्रा उशिरा आलो. लाल टिकली केव्हाच पेटून विझली होती. पण बाबांनी आदला सूर तसाच लांबवून धरला होता, मी पोचेपर्यंत. मी आलो तेव्हा ते आले.

संगतीच्या नियमाने ही चूकच. लेहऱ्याने थांबायचं नसतं. मी तसं म्हणालोही. बाबा म्हणाले, "माहितेय. पुन्हा."

असो. मशीन डोंबिवलीलाच ठेवून आलोय. काल फोनवर बाबांनी विचारलं, की झपतालाला लास्ट स्टेप दहा केली तर हिरवी टिकली सहाव्या बटणावर येईल ना. म्हटलं, येईल. सोमवारी रिलीज आहे आणि एक टेस्ट अजून फेल होतेय, तेव्हा आता पळतो. पुढच्या शनिवारी माळ्यावरून तबला काढायचाय. शाई उडाली असणार, पुडी बदलावी लागेल.